घाट उघडा आहे

भिवपुरी,
१२ जानेवारी २०२५

श्रीमंत घाटरक्षक राजे जयवंतराव महाराज, संस्थान वरघाट, यांना दशरथचा मुजरा.

पदवी सगळी लिहिली आहे, एक अक्षर गाळलेलं नाही. दिल्लीनं ती १९७१ सालीच काढून घेतली, पण बारा गावं अजून देतात आणि तुम्ही अजून घेता, तेव्हा माझ्या शाईला काय जड झालंय! फोन केला की जगदीश उचलतो आणि 'महाराज पूजेत आहेत' म्हणतो. सकाळी पूजा, दुपारी पूजा, संध्याकाळीही पूजाच. तुमचा हा सेक्रेटरी तुम्हाला देव करूनच थांबणार. म्हणून पत्र लिहितोय.

आबा चाललेत. या वेळी खरोखरच.

कर्जतच्या डॉक्टरांनी परवा सांगितलं, दोन्ही किडन्या थकल्यात, एकोणनव्वदाव्या वर्षी आता त्यांचे हाल करू नका. दोन महिने, फार तर तीन. मी आबांपासून काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पाय पांघरुणात ओढले आणि म्हणाले, "दशरथा, बाळराजांना कळव. अग्नी त्यांनी द्यायचा. तू नाय."

मी म्हटलं, "आबा, तशी रीत नाही."

"रीत राजाची हाय. आमी आता राजे कुठं हाव? अकरा वर्सं झाली मरून. साध्या मानसाला त्याचा पोरगा अग्नी देतो का नाय?"

याचं उत्तर तुम्हाला सुचतंय का बघा.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहून काढतो, कारण ते आजवर कुठल्याच कागदावर आलेलं नाही. उद्या तुमच्या रियानं विचारलं, आजोबा कसे गेले, तर दाखवायला काहीतरी असावं.

वरघाटची गादी क्षणभरही रिकामी ठेवायची नाही, हा आपला नियम. राजा गेला की त्याचा देह घरात असतानाच वारसाला गादीवर बसवायचं. गादीला सुतक नसतं, म्हणून बसलेल्या राजानं प्रेताला शिवायचं नाही, चितेकडे बघायचंही नाही, मग ती बापाची का असेना. बाकीचं सगळं आम्ही लेकावळ्यांनी करायचं. लेकावळे म्हणजे राजाच्या पोटचे, पण राणीच्या पोटचे नव्हेत ते. माझी आई येसूबाई राजवाड्यात पाणी भरायची, म्हणून मी लेकावळा. तुमच्याहून तीन वर्षांनी थोरला, पण पायरीखाली बसणारा. नाडी आम्ही बघायची. थांबली की बाहेर येऊन 'घाट उघडा आहे' एवढंच म्हणायचं. तिकडे वारसाला टिळा लागतो, नगारा वाजतो. मग आत जाऊन प्रेताच्या कानात तीनदा 'आबा' म्हणायचं. जिवंतपणी आम्हाला ती मुभा नाही. जिवंत असेतो 'महाराज'.

२०१४ च्या ऑगस्टात आबांना सात दिवस ताप होता. आठव्या दिवशी सकाळी मी नाडी पाहिली आणि बाहेर येऊन ते तीन शब्द म्हणालो. तुम्ही बसलात. नगारा सुरू झाला. मी आत जाऊन कानाशी वाकलो, एकदा हाक मारली, दोनदा मारली, आणि तिसऱ्या हाकेला आबांनी डोळे उघडले.

माझ्या आईनं दार लावून घेतलं. आबांनी नगारा ऐकला. मग म्हणाले, "नगारा कुनाचा?" आई म्हणाली, "बाळराजांचा." त्यावर त्यांनीच सांगितलं, "मंग आमी मेलो."

मी दरबारात येऊन तुमच्या कानात सांगितलं. समोर बारा गावं मुजऱ्याला उभी होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. ओठ न हलवता म्हणालात, "नगारा थांबवू नका." तेव्हापासून आजपर्यंत तुम्ही माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते.

ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, तसा आम्ही केला. वर भरजरी शेला पांघरला आणि मी त्याला अग्नी दिला. ग्रामपंचायतीत राजवाड्याच्या शब्दावर मृत्यूची नोंद झाली. त्याच वेळी मागच्या दारानं मांडववाल्या गजाच्या टेंपोतून, सतरंज्यांखाली, वरघाटचे राजे माझ्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात आले. तेव्हा मी वीज केंद्रात नोकरीला होतो. शेजाऱ्यांना सांगितलं, गावाकडचे काका आहेत.

खालापूरहून इथं यायला गाडीनं तास सव्वा तास लागतो. अकरा वर्षांत तुम्हाला तेवढा वेळ मिळाला नाही. आता काढा.

आपला,
दशरथ

*

भिवपुरी,
९ फेब्रुवारी

जयवंता,

तुझा कागद मिळाला. जाड कागद, वर सोनेरी मुद्रा, खाली जगदीशची सही. 'महाराजांना चितादर्शन निषिद्ध असल्याने विनंती मान्य करता येत नाही. प्रकृतीस आराम पडो.' मेलेल्या माणसाच्या प्रकृतीस आराम पडो! हे टाइप करताना जगदीशचा हात थांबला नाही का रे?

आजपासून मी तुला अरेतुरे करणार. लहानपणी विहिरीवर आपण दोघं असलो की करायचोच. तुला पोहायला मी शिकवलं. पाठीला दोरी बांधून तुला पाण्यात सोडायचो आणि तू 'दशादादा, सोडू नको' म्हणून बोंबलायचास. वर आलास की पुन्हा 'दशरथ'.

मी आबांना तो कागद वाचून दाखवला. लपवायला हवा होता, पण मला राग आला होता. त्यांनी मुद्रेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कागद बरा हाय." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ते असं.

ते इथं कसे राहतात हे तुला कुणी सांगितलं नसेल. पहिल्या वर्षी ते खोलीबाहेर पडलेच नाहीत. नंतर डोक्याला टॉवेल गुंडाळून डोंगरावरून उतरणारे मोठे पाइप बघायला जायला लागले. स्वतःचं ताट स्वतः घासतात. हिरानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा चुकून 'महाराज' म्हटलं तर दिवसभर जेवले नाहीत. "ते खालापुरात हायत," म्हणाले. दरवर्षी दसऱ्याला तुझ्या दरबाराचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर टाकतं, तो माझी लेक प्राची त्यांना लावून देते. ते डोळ्यांजवळ धरून बघतात. गेल्या दसऱ्याला म्हणाले, "पगडी डावीकडं झुकल्ये. कुनी सांगत नाय का त्याला?" मग प्राचीला म्हणाले, "परत लाव." चार वेळा बघितला. तुझ्या पगडीवरून त्या माणसाचा जीव उतरत नाही, आणि तू त्याला जगदीशची सही पाठवतोस.

त्यांच्या पायांना सूज आली आहे. जेवण निम्म्यावर आलंय. रीत मला शिकवू नकोस. ती मी तुझ्यापेक्षा जास्त पाळली आहे.

दशरथ

*

भिवपुरी,
२ मार्च

जयवंता,

उत्तर नाही, फोन नाही. ठीक आहे. मग जे कधीच लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते लिहितो.

त्या सकाळी आबांची नाडी चालू होती.

क्षीण होती. दोन ठोक्यांमध्ये माणूस एक ओळ म्हणून होईल इतकं अंतर होतं. पहिल्या ठोक्याला मला वाटलं, माझ्याच बोटातला असेल. दुसऱ्याला तसं वाटलं नाही. तिसरा येईल म्हणून मी थांबलो नाही. उठलो, बाहेर आलो आणि 'घाट उघडा आहे' म्हणालो.

का, ते ऐक. माझं वय तेव्हा त्रेपन्न होतं. त्रेपन्न वर्षं ज्याच्या चेहऱ्यावर माझा चेहरा आहे त्या माणसाला मी 'महाराज' म्हणत आलो होतो. लहानपणी तू त्यांच्या मांडीवर बसून 'आबा, आबा' करायचास आणि मी पंखा ओढत उभा असायचो. ती हाक मला तोंडातून एकदा काढायची होती. सात दिवस मी उशाशी बसून तिची वाट बघत होतो. ते मरायची वाट बघत होतो म्हण, आता लपवून काय उपयोग? आणि आठव्या दिवशी मला दम निघाला नाही.

पुढं काय झालं ते तुला ठाऊकच आहे. तुला गादी मिळाली आणि मला बाप मिळाला. मेलेलेच होते ना ते, मग रोज 'आबा' म्हणायला कुणाची बंदी? 'आबा, चहा घ्या. आबा, औषध.' अकरा वर्षं मी पोटभर म्हणून घेतलं. पहिल्या महिन्यात जर मी बारा गावांपुढं उभा राहून खरं बोललो असतो, तर ते परत गेले असते. बोललो नाही. त्यांना परत द्यायचं माझ्या जिवावर आलं. तुझ्या नावानं बोटं मोडत बसणं सोपं होतं.

हे सगळं मी मन हलकं करायला लिहीत नाही. ते काही हलकं होत नाही. मी लिहितोय ते तू नीट समजून घे. राजा जिवंत असताना तुला बसवलं. घाट उघडा नव्हताच. म्हणजे रीतीप्रमाणे तुझं बसणंच खोटं, आणि बसणं खोटं तर चितेची बंदीही तुला लागू नाही. तू कुणाचाही मुलगा असतो तसा नुसता मुलगा आहेस. येऊन बापाला अग्नी देऊ शकतोस. त्यासाठी बारा गावांना हे पत्र वाचून दाखवावं लागेल, आणि पगडी उतरवावी लागेल. तोंड काळं माझं होईल, ते होऊ दे.

मोठी मागणी आहे, मला कळतं. पण मागणारे ते आहेत, मी नाही.

दशादादा

*

भिवपुरी,
१ एप्रिल

जयवंता,

पाडव्याला तू आलास. गाडीचा आवाज ऐकून प्राची बाहेर गेली आणि घाबरून आत आली. तुला दारात बघितलं तेव्हा मला खरंच वाटलं, माझं पत्र लागलं. मग पगडी दिसली. खालापुरात गुढीची पूजा करून तू तसाच निघाला होतास. म्हणालास, "पाचच मिनिटं आहेत." तरीही माझे डोळे भरले होते, ते तू पाहिलंस की नाही कोण जाणे.

आत काय झालं ते तू होतास म्हणून पुन्हा सांगायला नको. पण तुला ते तुझ्या जागेवरून दिसलं, मला माझ्या.

आबांना दहा दिवसांत कुणी उठून बसलेलं पाहिलं नव्हतं. तू आत आलास आणि त्यांनी माझा दंड धरला. मी बसवलं. तर पाय खाली सोडले. हिरा म्हणाली, "आबा, पडाल." त्यांनी तिला हातानं बाजूला सारलं, उभे राहिले, आणि कमरेत वाकून तुला मुजरा केला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी हात जमिनीपर्यंत पोचेना, तर गुडघा टेकून पोचवला.

आणि तुझा उजवा हात वर गेला. मुजरा घेताना जातो तसा, छातीइतका, बोटं जुळलेली. तू मुद्दाम केलं नाहीस, हे मी शपथेवर सांगेन. अकरा वर्षांची सवय. पण खाली घेतला नाहीस रे. एक पाऊल पुढं टाकून त्या म्हाताऱ्याला उचललं नाहीस.

ते गुडघ्यावरच होते. म्हणाले, "महाराज, एक अर्ज हाय. आमाला तुमच्या हातचा अग्नी हवा. कुनाला कळनार नाय. सकाळी सकाळी उरकू."

तू काय म्हणालास, आठवतं? "बघू."

बघू! तलाठी म्हणतो तसं.

तू गेल्यावर त्यांना पुन्हा झोपवलं. मला वाटलं आता रडतील, तर चेहरा उजळलेला. म्हणाले, "पगडी सरळ होती आज. नाय म्हनाला नाय, बघितलंस ना? राजा लगेच हो म्हनत नसतो." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

जाताना अंगणात तू मला हळूच विचारलंस, "ते पत्र आणखी कुणी वाचलंय?" कुणी नाही. नक्कल ठेवलेली नाही. निश्चिंत झोप.

दशरथ

*

भिवपुरी,
२४ एप्रिल

जयवंतराव,

परवा मंगळवारी सकाळी सहा वाजता आबा गेले.

तीन आठवडे ते रोज एकच विचारत होते, "अर्जाचा निकाल आला का?" मी म्हणायचो, येईल. सोमवारी संध्याकाळी श्वास लागला तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, आला. मंजूर झाला." त्यांनी डोळे उघडले. "लेखी का तोंडी?" मला पटकन खोटं सुचलं नाही, म्हणालो, तोंडी. "मंग काय खरं नाय," म्हणाले, आणि भिंतीकडं वळले. राज्य केलेला माणूस. त्याला कुठं फसवणार! त्यानंतर ते बोलले नाहीत.

नाडी मी पाहिली नाही. माझ्या बोटांवर माझा विश्वास उरलेला नाही. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी दोनदा तपासलं, मी तिसऱ्यांदा तपासायला लावलं. ते वैतागले. मग सर्टिफिकेटसाठी नाव विचारलं. हिरा म्हणाली, आधार कार्ड शोधून आणून देते. कसलं कार्ड आणि कसलं काय! अकरा वर्षं दवाखान्यात आम्ही नुसतं 'काका' असंच लिहीत आलो होतो.

साडेसहाला मी तुला फोन केला. जगदीश म्हणाला, "महाराजांना कळवलंय." दहाला केला, तेच. दोनला केला, तेच. चारपर्यंत ठेवलं. एप्रिलच्या उन्हात माणूस किती वेळ ठेवता येतो, तुला कल्पना नसेल. तुम्ही राजे प्रेताजवळ जात नाही. चारला मीच म्हटलं, उचला.

पेज नदीच्या काठी नेलं. वरच्या केंद्रातून पाणी सुटतं म्हणून उन्हाळ्यातही तिला धार असते. मी त्यांना अग्नी दिला. 'तू नाय' म्हणाले होते. त्यांचं आयुष्यातलं एकच मागणं, तेही माझ्याच हातानं मोडलं. प्राची म्हणते, पुलापलीकडं पांढरी गाडी उभी होती, धूर वर जाईपर्यंत होती, पण काच काही खाली झाली नाही. मी वळून पाहिलं नाही. तू नसशीलच, असं धरून चालतो. तेच तुझ्यासाठी त्यातल्या त्यात बरं आहे.

आता शेवटचं.

काल नोंदणीला गेलो. कारकून चांगला होता, विपुल नावाचा, शेलूच्या नव्या बिल्डिंगींतून येतो. म्हणाला, "काका, मृताचं पूर्ण नाव?" खरं नाव सांगता येत नव्हतं. त्या नावाचा माणूस २०१४ मध्येच मेलाय, दाखला तुझ्या कपाटात आहे. मागं रांग.

माझ्या जन्माच्या वेळी राजवाड्यानं आईचं लग्न एका मोतद्दाराशी लावून दिलं होतं, घोडे सांभाळायचा तो. लग्न लागलं आणि आठवड्यात तो घाटावर निघून गेला, परत आला नाही. तो जिवंत आहे की मेला, कुणी कधी नोंदवलं नाही. शाळेत, नोकरीत, रेशनवर, सगळीकडं माझ्या बापाच्या जागी त्याचं नाव आहे. त्या नावाचा मला जन्मभर राग होता. डॉक्टरांच्या कागदावरही मी शेवटी तेच घालायला लावलं होतं, कारण दुसरं कुठलं माझ्या ओठावर येईना. तेच विपुलला सांगितलं.

"भिवाजी."

"तुमचं मृताशी नातं?"

त्रेसष्ट वर्षांत हा प्रश्न मला कुठल्या खिडकीवर कुणी विचारला नव्हता. म्हटलं, मुलगा. त्यानं माझं आधार कार्ड मागितलं, फॉर्म शेजारी धरला, दोन्हीवरून बोट फिरवलं. "दशरथ भिवाजी. मृत भिवाजी. बरोबर आहे, जुळतंय," म्हणाला आणि शिक्का मारला. मला रडू आलं. त्याला वाटलं बापासाठी रडतोय. पाणी दिलं बिचाऱ्यानं.

तर वरघाटचे राजे वरघाटचे म्हणून गेलेच नाहीत, मोतद्दार म्हणून गेले. आणि मी त्यांचा मुलगा झालो, तो त्यांचं उरलंसुरलं नाव पुसून. मी तुझा बाप आधी चोरला होता, काल त्याचा कागदही करून घेतला. तू एकदा जरी 'नाही, तो माझा आहे' म्हणून उभा राहिला असतास, तर विपुलनं तो फॉर्म फाडला असता.

दहावा पुढच्या गुरुवारी, नदीवर. येऊ नकोस. भिवाजीला एकच मुलगा होता, तसा शिक्का आहे.

दशरथ भिवाजी